पोटाशी धरलेली पिशवी

उत्पला मेश्रामनं त्या सोमवारी पहिल्यांदाच नियम अक्षरन्‌अक्षर पाळला, आणि त्याच संध्याकाळी तिची यशू भिंत धरून चालायला लागली.

सात वर्षांची पोर. सकाळीच रक्त चढवून आणलेली. एरवी रक्त चढलं की ही दुसऱ्या दिवशी अंगणात असा धुडगूस घालायची, की शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काहून वं उत्पला, पैलवानाचं रक्त आणलं होतं का?" या खेपेला मात्र ओठ फिक्कट, दोन पावलं टाकली की धाप, आणि मंगळवारी उजाडता उजाडता गुडघे पोटाशी घेऊन ते रडणं. सिकलसेलच्या लेकराच्या आईला ते रडणं दुसऱ्या खोलीतूनही ओळखू येतं. यशूच्या रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकायच्या, एकमेकींत अडकायच्या, आणि हाडांच्या आतल्या बारीक वाटा बुजवून टाकायच्या. चांगलं रक्त कमी पडलं की असं व्हायचं. पण रक्त तर कालच दिलं होतं!

उत्पलानं तिला उचललं आणि पळसटोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात परत आणून टाकलं. सलाईन लागलं, दुखण्याचं औषध लागलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिनचा आकडा रक्त द्यायच्या आधी होता त्याहूनही खाली.

"असं कसं?" कुंभारे सिस्टर स्वतःशीच म्हणाल्या. बत्तीस वर्षं नोकरी झालेली बाई, आणि कागद तीनदा उलटून पाहत होत्या.

उत्पलाला वाटत होतं, आपल्याला माहीत आहे कसं. पण जे माहीत होतं ते मनातल्या मनात बोलून पाहिलं, तरी वेड्यासारखं वाटत होतं.

रुग्णालयात 'समधारा' नावाचं यंत्र चैत्रात आलं होतं. त्याआधी इथं जपून थोडंथोडं रक्त चढवायचे, आणि तेवढ्यानं भागलं नाही की सिकलसेलच्या पोरांना घेऊन नागपूर गाठावं लागायचं, कारण या दुखण्यात एक विचित्र पेच आहे. रक्त कमी आहे म्हणून वरून नुसतं ओतत गेलं, तर अंगातलं रक्त दाट होतं, आणि दाट रक्त बारीक वाटांतून सरकत नाही. म्हणजे शरीरात रक्त जास्त आणि मेंदूला मात्र कमी. त्यातून झटका येतो, हात-पाय लुळे पडतात. म्हणून लेकराचं थोडं काढायचं आणि दुसऱ्याचं थोडं घालायचं, तेही तोलून. हा तोल साधायला मोठी प्रयोगशाळा लागायची. समधारा तो नुसत्या धारेवरून साधायची.

नळीतून काही वाहायचं तर चार गोष्टी पाहाव्या लागतात: मागून रेटा किती, नळी लांब किती, रुंद किती, आणि वाहणारं दाट किती. त्यात रुंदीचं गणित भलतंच आडमुठं. नळी निम्म्यानं बारीक केली तर धार निम्मी होत नाही, सोळावा हिस्सा उरते. समधारातली नळी म्हणूनच केसाचाही फरक न ठेवता घडवलेली होती, आणि रेटा यंत्राचा स्वतःचा. उरलं फक्त दाटपण. धार किती सुटते ते पाहून यंत्र दाटपण ओळखायचं, दाटपणावरून पिशवीत पेशी किती ठासल्या आहेत ते ओळखायचं, आणि लेकराला नेमकं किती द्यायचं ते ठरवायचं.

एक गोष्ट त्याला बाहेरून सांगावी लागे. रक्त थंड असलं की दाट वाहतं, कोमट झालं की पातळ. तेव्हा पिशवी ज्या थंडपेटीतून यायची त्या पेटीतच तापमापक बसवलेला होता. पेटी यंत्राला सांगायची, 'चार अंश', आणि यंत्र तिच्यावर विश्वास ठेवायचं.

पण पिशवी आणायची कोणी? रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी, चाळीस किलोमीटरवर. ड्रोन येणार, ड्रोन येणार म्हणता दोन वर्षं लोटली होती. त्यामुळे पेटी मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमधून येणारी असायची ती लेकराची आई. आणि यशू अकरा महिन्यांची असताना याच कुंभारे सिस्टरांनी उत्पलाला सांगितलं होतं, "अवं, फ्रिजमधलं पाणी तरी पाजशील का लेकराले? रस्त्यात पेटीतून काढ, फडक्यात गुंडाळ, पोटाशी धर. फाटकाच्या आत येताना परत पेटीत ठेव, म्हणजे डॉक्टर साहेबांचं डोकं फिरणार नाही."

तेव्हापासून उत्पला तेच करायची. स्वेटरच्या आत, बेंबीच्या वर, ती गार पिशवी आधी चटका द्यायची आणि मग हळूहळू आपल्याच अंगाची होऊन जायची. इथं सिकलसेलची लेकरं आणणाऱ्या बाकीच्या पाच आयाही तेच करत. एकमेकींशी त्या कधी यावर बोलल्या नव्हत्या. फाटकाशी पाठ करून पेटी उघडणारी बाई पाहिली की दुसरीला कळायचं, एवढंच.

आणि मग गेल्या शनिवारी अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण झालं. पडद्यावरच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या की रक्ताची पिशवी कधीही अंगाशी धरून गरम करू नये. जंतू वाढतात, पेशी फुटतात. उत्पला अंगणवाडी सेविका. साऱ्या गावाला हात धुवायला शिकवणारी. तिला आपलीच लाज वाटली. सोमवारी ती पेटीच्या झाकणावर दोन्ही हात ठेवून बसली आणि चाळीस किलोमीटर झाकण उघडलं नाही.

मंगळवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. राजरत्न हार्वेस्टर घेऊन तेलंगणात होता, मागं इंजिनाची घरघर.

"तू नियमानंच केलं न सगळं?"

"हो."

"मग तुझी चूक नाही. कायले रडून राहिली?"

"चूक नाही म्हणूनच समजून नाही राहिलं मले," ती म्हणाली. त्यालाही ते समजलं नाही. 

गुरुवारी सकाळी यंत्र बनवणाऱ्यांकडून समीना काझी आली. नागपूरची, तिशीची, पाठीवर पिशवी, केसांना चाप. यशू आता उठून बसली होती आणि खिचडी नको म्हणून भांडत होती, म्हणजे बरी होती. तिच्या खाटेपासून चार हातांवर यंत्र. समीना त्याच्यापुढं स्टुलावर बसली, आणि उत्पला वाटी-चमचा हातात धरून तिच्या पाठीकडं पाहत राहिली.

"सिस्टर, हे भरकटलंय हो," समीना म्हणाली.

"भरकटायला ते बैल आहे का?" कुंभारे सिस्टर म्हणाल्या.

समीना हसली. "तसंच समजा. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीचा आकडा पाहून ते आपला हिशेब सुधारत जातं, पहिले दोन महिने डॉक्टर दर वेळी अर्ध्यावर थांबवून तपासायचे तेव्हापासून. म्हणजे शिकतं. आठ महिन्यांत ते इथं असं शिकलंय, की पेटी चार अंश म्हणाली तरी पंचवीस अंशांचा हिशेब धरायचा. का, कोण जाणे! आणखी अकरा ठिकाणी थोडाथोडा हाच कल दिसतोय. तापमापकांची एक खेप खराब निघाली असणार."

"मग?"

"येताना रक्तपेढीत पेट्यांचे तापमापक बदलून आलेय. आता शिकलेलं पुसून टाकते. कारखान्यातून निघालं तेव्हा होतं तसं कोरं करते."

पडद्यावर प्रश्न आला. समीनानं बोट टेकवलं. यंत्र क्षणभर काळं झालं आणि परत उजळलं.  

तेवढ्यात त्या पाच आयांपैकी दुर्गा उईके आली. चार वर्षांची मैना कडेवर, दुसऱ्या हातात थंडपेटी. आज मैनाची पाळी होती. डॉक्टर साहेब लसीकरणाला गेलेले. पण यंत्र दुरुस्त झालं, कागद सह्या होऊन ठेवलेला, मैनाचा आकडा बराच खाली. थांबायचं कारण नव्हतं.

"पेटी उघडली नाही न रस्त्यात?" सिस्टरांनी समीनाच्या देखत मोठ्यानं विचारलं.

"नाही जी," दुर्गा म्हणाली आणि पदर सारखा केला.

सिस्टरांनी पिशवी काढली, नाव-गट वाचला, दांडीच्या हुकाला अडकवली. मैनाला सुई टोचली तेव्हा ती यशूकडं बघत होती आणि यशू तिला जीभ काढून दाखवत होती. यंत्रानं बारीक सूर काढला. नळी लाल झाली.

उत्पला पिशवीकडं बघत होती. काहीतरी कमी होतं. सोमवारी सिस्टरांनी यशूची पिशवी काढली तेव्हा तिच्यावर दव धरलं होतं. सिस्टरांनी ओली बोटं एप्रनला पुसली होती. थंडगार तांब्यावर धरतं तसं दव. आज पिशवी कोरडी होती, ठणठणीत कोरडी. सिस्टरांनी बोटं पुसली नव्हती.

दुर्गानं पोटाशी धरली होती. अर्थात धरली होती! सगळ्याच धरतात.

मग त्यानं काय होतं?  अंगणवाडीत थंडीच्या दिवसांत लोहाच्या औषधाची बाटली काकवीसारखी हटून बसते; ती उन्हात ठेवायची, मग चमच्यात भराभर पडतं. गरम म्हणजे पातळ. सोमवारी थंड नेलं, ते दाट. यंत्राला वाटलं... काय वाटलं? त्याला आमच्या गरम पिशव्यांची सवय. आठ महिने. आणि आता या मॅडमनं ती सवय पुसली. म्हणजे आता थंड बरोबर, आणि गरम... गरम कुठल्या बाजूला चुकतं? जास्त की कमी? तिला धागा सापडत होता आणि लगेच हातातून सुटत होता. आपण चुकत असलो तर मैनाचं रक्त उगाच थांबेल, बाहेर काढलेली पिशवी वाया जाईल, आणि सिस्टर चैत्रात निवृत्त व्हायच्या आहेत, त्यांच्या गळ्याला फास लागेल तो वेगळाच. आणि बरोबर असलो तर?

मैना छताकडं बघत पाय हलवत होती.

"मॅडम," उत्पला उभी राहिली. वाटीतली खिचडी सांडली. "मॅडम, ते थांबवा."

समीना वळली. "काय झालं ताई?"

"त्याले आमची सवय झाली होती. तुम्ही त्याले आमचा विसर पाडला."

"कोणाला?"

"यंत्राले."

"उत्पला," सिस्टर म्हणाल्या, "खाली बस. पोरीची जागरणं करून तुझं डोकं नाही चालून राहिलं."

उत्पलानं दुर्गाकडं पाहिलं. दुर्गा डोळ्यांनी नको म्हणत होती. उभ्या जन्मात कोणी कोणाला इतकं स्पष्ट नको म्हटलं नसेल.  मग तिनं दुर्गाकडं बघणं सोडलं आणि पिशवीकडं बघत बोलली.

"ती पिशवी गरम आहे. दुर्गानं पोटाशी धरून आणली. आम्ही सगळ्याच आणतो. रस्त्यात काढतो, फाटकापाशी परत ठेवतो. सोमवारी मी नाही धरली. फक्त मी. फक्त सोमवारी."

 समीनानं हात लांब करून पिशवीला पालथी बोटं लावली. पुढच्या क्षणी तिनं यंत्र थांबवलं होतं.

पिशवीला तापमापक लावला. सव्वीस. पेटीचा आकडा अजूनही शांतपणे चार सांगत होता.

"किती गेलं आत?" सिस्टरांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"नऊ मिलिलिटर. काही नाही होणार तेवढ्यानं. नऊच गेलं." समीना भराभर पडद्यावर गणित मांडत होती. "रक्त पातळ धावलं, म्हणून याला वाटलं की पिशवीत पेशी विरळ आहेत. कसर भरून काढायला हे... हे पाऊणशे मिलिलिटर जास्त देणार होतं. एवढ्याशा पोरीला. रक्त अंगभर मिसळायला वेळ लागतो हो. जास्त झाल्याचं याला कळेपर्यंत जास्त होऊन गेलं असतं."  तिनं मैनाच्या कपाळावर हात ठेवला.

दुर्गानं मैनाला सुईसकट उचलायचा प्रयत्न केला. सिस्टरांनी तिला धरलं. "राहू दे, राहू दे. काही झालं नाही तिले. बघ, पाय हलवून राहिली."

"आणि माझी यशू?" उत्पलानं विचारलं.

"सोमवारी उलटं झालं ताई. याला सवय तुमच्या कोमट पिशव्यांची. त्यात थंड पिशवी आली, दाट वाहिली. याला वाटलं पेशी ठासून भरल्यात, थोडंसं पुरे. काढायचं तेवढं काढलं आणि द्यायचं तेवढं दिलं नाही."

"म्हणजे मी पोटाशी धरली असती तर यशू बरी राहिली असती."

"हो."

"आणि पोटाशी धरणं चूक आहे."

"चूकच आहे. जंतू होतात, पेशी फुटतात. ते खरंच आहे."

"मग मी सोमवारी चुकले, की सहा वर्षं चुकत होते?"

समीना परत पडद्याकडं वळली आणि मांडलेलं गणित वरपासून तपासायला लागली.   सहा वर्षं लेकराला ऊब दिली म्हणून उत्पलाला अभिमान होता, तो काढून घेतला. एक दिवस नियम पाळल्याचं समाधान होतं, तेही काढून घेतलं. हातात राहिली नुसती खिचडीची वाटी.

"आई, खाली सांडलं," यशू म्हणाली.

दुपारी दुसरी पिशवी रुग्णवाहिकेतून आणवली. पेटीत सिस्टर स्वतः बसल्या होत्या म्हटलं तरी चालेल, इतक्या वेळा त्यांनी चालकाला फोन केला. पिशवीवर दव होतं. या खेपेला समीनानं नळीलाच तापमापक चिकटवला, पेटीच्या शब्दावर विसंबली नाही. मैनाला रक्त नीट गेलं. दुर्गा तिच्या पायथ्याशी बसून होती, उत्पलाकडं पाठ करून.

मग समीनानं एक छापील कागद काढला.

"ताई, हे लिहून द्यावं लागेल. आज कळलं नसतं तर मी बाकीच्या ठिकाणीही नुसते तापमापक बदलत बसले असते. अकरा ठिकाणी! तिथल्या आयाही काय करतात ते कोणी विचारलंच नाही. पण मी तोंडी सांगितलं तर कोणी ऐकणार नाही, म्हणतील ही गावगप्पा घेऊन आली. कागद पाहिजे. सहीचा."

उत्पलानं लिहायला घेतलं. नाव, गाव, लेकराचं वय, पिशवी कुठून आणली, ते सगळं झरझर झालं. मग एक रकाना आला: 'ही पद्धत कोणी शिकवली?' एकच ओळ. पेन तिथं अडलं.

"हे रिकामं ठेवलं तर?"

"मग ते म्हणतील, एका बाईची चूक. आणि बाकीच्या अकरा ठिकाणी सूचना जाणारच नाही."

कुंभारे सिस्टर औषधांच्या कपाटाशी उभ्या होत्या. मागं न वळताच म्हणाल्या, "लिही."

"सिस्टर..."

"माझं नाव लिहायले लाजून राहिली का? कुंभारे सुमन नामदेव. परिचारिका. बत्तीस वर्षं. लिहिता येतं का नाही तुले, अंगणवाडीवाली असून?"

"तुमची चौकशी लागेल."

"लागू दे. उत्तर देईन. त्या पोरीले काही झालं असतं तर मी कोणाले काय उत्तर देणार होती?" त्यांनी कपाट बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं.

उत्पलानं लिहिलं. अक्षर एरवी इतकं सुबक, आज वेडंवाकडं आलं. आपण हे चांगलं करतोय की बाईच्या पाठीत सुरा खुपसतोय, हे तिला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि सही करतानाही नाही.

"माझंही लिही."

दुर्गा शेजारी येऊन उभी होती. मैना खांद्यावर झोपलेली. सकाळपासून ती पहिल्यांदा उत्पलाशी बोलत होती, आणि रागातच बोलत होती. "सिस्टरचं नाव माझ्या कागदावर नको. मले कोणी नाही शिकवलं. पहिल्याच वेळी पिशवी हातात आली, गारठलेली. ती पोरीच्या अंगात जाणार. मग काय करू? पोटाशीच धरली न. त्यात शिकवायचं काय आहे?"

समीनानं कपाळावर हात मारला. "हे तर आणखीच अवघड झालं. शिकवणारं कोणी असतं तर त्याला थांबवता आलं असतं. कोणी न शिकवता होतंय ते मी थांबवू कसं?"

"ते मले नका विचारू जी," दुर्गा म्हणाली. "तुम्ही मशीन बनवता. ते मोजतं न सगळं? मग हे मोजा. पोटाशी धरायचं नाही म्हणता, नाही धरणार. पण कोणी ना कोणी धरेलच. तेव्हा पोरगी मरू नये, एवढं करा."

 समीनानं कोरा कागद काढला आणि उत्पलापुढं सरकवला. "छापील कागद राहू द्या. यावर लिहा. सहाही जणींचं. कोण किती वेळ धरते, कशात गुंडाळते, गाडीला किती वेळ लागतो. आठ महिन्यांचं जे मी पुसून टाकलं न सकाळी, ते तुमच्याकडूनच परत मिळेल."

उत्पलानं कागद सरळ केला. दुर्गा अजून रागावलेलीच होती. राग किती दिवस राहील ते सांगता येत नव्हतं. तरी ती खाटेच्या कडेवर टेकली, झोपलेल्या पोरीचं डोकं सावरून.

"आज किती वेळ धरली होती?" उत्पलानं विचारलं.

"गाडीत बसली तेव्हापासून. पाऊण तास."

उत्पलानं लिहिलं.

"थांब," दुर्गा म्हणाली. "रेल्वेचं फाटक पडलं होतं. मालगाडी गेली एक, लांबलचक. तेवढं जास्तीचं धर."